पांढऱ्या बैलापुढे कॅमेरा का अडला?

पोळ्याची संध्याकाळ होती. देवळीत तोरणाखाली बैलजोड्या ओळीने उभ्या होत्या. नववीतल्या एका विद्यार्थ्याच्या आजोबांनी आधीच निरोप धाडला होता : "सर, यंदा आमच्या जोडीचा एक चांगला फोटो काढून द्या. दिवाळी झाली की जोडी विकून राहिलो. पुढच्या पोळ्याले गोठ्यात बैल नसतील."

त्यांची जोडी गवळाऊ जातीची. ही आपल्या वर्धा जिल्ह्यातली आणि आसपासच्या भागातली मूळ जात. रंगाने पांढरी, अंगाने उंच आणि सडपातळ. आजोबांनी बैलांवर झूल घातली नव्हती. घासूनपुसून लख्ख केलेले पांढरे अंग हाच त्यांचा शृंगार होता.

माझ्याकडे तेव्हा नुकताच घेतलेला एक जुना कॅमेरा होता, निकॉन एफ-४. हा फिल्मवर चालणारा ऑटोफोकस कॅमेरा १९८८ मध्ये व्यावसायिक छायाचित्रकारांसाठी बाजारात आला. मी त्या दिवशी ३६ फोटोंचा अख्खा रोल संपवला. रोल नागपूरहून धुऊन आला, तेव्हा त्यातले फक्त ९ फोटो स्पष्ट होते. आजोबांच्या जोडीच्या एकाही फोटोत बैल स्पष्ट नव्हते. मात्र त्यांच्या मागच्या तोरणाचे पान न् पान मोजता येईल इतके रेखीव आले होते!

कॅमेरा बिघडलेला होता का? की चूक माझी होती? जोडी विकली जायला अडीच महिने बाकी होते. तेवढ्या वेळात आम्ही वर्गात जे शोधून काढले, ते येथे मांडत आहे. जुना कॅमेरा विकत घेताना काय पाहावे आणि तो कसा वापरावा, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्यातूनच मिळतात.

अर्ध्या मिलिमीटरचा खेळ

आधी फोकस म्हणजे काय ते पाहू. भिंगाचे सूत्र आपण दहावीत शिकवतोच. वस्तूचे अंतर बदलले की प्रतिमेचे अंतरही बदलते. कॅमेऱ्यात फिल्म जागची हलत नाही, म्हणून भिंग पुढेमागे सरकवावे लागते. माझ्या भिंगाचे नाभीय अंतर ५० मिलिमीटर आहे. सूत्रात आकडे घालून पाहा. ८ मीटरवरच्या तोरणासाठी प्रतिमेचे अंतर ५०.३१ मिलिमीटर येते आणि ३ मीटरवरच्या बैलासाठी ५०.८५ मिलिमीटर. म्हणजे बैल आणि तोरण यांच्यात जमिनीवर ५ मीटरचे अंतर असले, तरी कॅमेऱ्यात ते जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचे उरते. ऑटोफोकस कॅमेऱ्याला हा अर्धा मिलिमीटर क्षणार्धात, आपणहून साधायचा असतो. तो हे कसे करतो?

दोन छिद्रांचा प्रयोग

याचे उत्तर एका जुन्या प्रयोगात आहे. ख्रिस्तोफ शायनर या जर्मन अभ्यासकाने डोळ्याविषयीच्या आपल्या ग्रंथात १६१९ मध्ये त्याचे वर्णन केले आहे. प्रयोगाला एक हातभिंग, पुठ्ठा, पांढरा कागद आणि मेणबत्ती एवढेच साहित्य लागते.

भिंगाच्या आकाराचा पुठ्ठा कापा. त्यात एकमेकांपासून ३ सेंटिमीटर अंतरावर, आडव्या रेषेत, ३-४ मिलिमीटरची दोन छिद्रे पाडा आणि तो भिंगाला लावा. खोलीत अंधार करून साधारण १ मीटरवर मेणबत्ती ठेवा. आता भिंगामागे कागद धरून तो पुढेमागे सरकवा.

एका ठिकाणी ज्योतीची एकच रेखीव प्रतिमा दिसेल. तेथे फोकस बरोबर आहे. कागद तेथून भिंगाच्या जवळ आणला की एकाच्या दोन ज्योती होतात. दूर नेला तरीही दोनच होतात. जेवढी चूक मोठी, तेवढे त्या दोन ज्योतींमधले अंतर जास्त.

मग कागद जवळ आहे की दूर, हे कसे ओळखायचे? कागदाकडे पाहत पाहत डावे छिद्र बोटाने झाका. कागद फोकसच्या अलीकडे असेल, तर किरणांनी अजून एकमेकांना ओलांडलेले नसते, त्यामुळे डावी ज्योत नाहीशी होते. कागद पलीकडे असेल, तर किरण एकमेकांना ओलांडून गेलेले असतात, म्हणून उजवी ज्योत नाहीशी होते. म्हणजे या एकाच प्रयोगातून दोन गोष्टी कळतात : चूक किती आहे आणि ती कोणत्या बाजूला आहे.

एफ-४ सारखा कॅमेरा नेमके हेच करतो. आपण ज्या आरशातून दृश्य पाहतो, त्याचा मधला भाग थोडा प्रकाश आरपार जाऊ देतो. त्याच्या मागे आणखी एक छोटा आरसा असतो. तो हा प्रकाश कॅमेऱ्याच्या तळाशी पाठवतो. तेथे दोन इवली भिंगे असतात. त्यांतले एक मुख्य भिंगाच्या डाव्या भागातून आलेला प्रकाश घेते, दुसरे उजव्या भागातून आलेला. प्रत्येक भिंग प्रकाशाला संवेदनशील असलेल्या सूक्ष्म घटकांच्या रांगेवर आपापली प्रतिमा पाडते. या दोन प्रतिमा एकमेकींपासून किती सरकल्या आहेत ते कॅमेऱ्यातला संगणक मोजतो आणि मोटारीला सांगतो, अमुक दिशेला एवढे फिर. या पद्धतीला 'फेज डिटेक्शन' म्हणतात. आज खिशात असलेल्या अनेक मोबाइल फोनमध्येही हेच तत्त्व वापरलेले असते. फरक एवढाच, की तेथे ही सोय फोटो टिपणाऱ्या चकतीवरच केलेली असते.

थोडा इतिहास

बाजारात आलेला पहिला ऑटोफोकस कॅमेरा म्हणजे १९७७ चा कोनिका सी-३५ एएफ. त्याच्यातील फोकस मोजणारा भाग हनीवेल या अमेरिकन कंपनीने विकसित केलेला होता. पुढे १९८५ मध्ये मिनोल्टा ७००० आला. भिंगे बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यात फोकस मोजणारे घटक आणि मोटार असे दोन्ही शरीरातच बसवण्याची युक्ती त्याने यशस्वी करून दाखवली. मात्र त्यात आपली पेटंट मोडली गेली, असा दावा हनीवेलने लावला. अखेर १९९२ मध्ये मिनोल्टाला १२ कोटी ७५ लाख डॉलर देऊन तडजोड करावी लागली.

व्यावसायिक छायाचित्रकारांसाठी निकॉनने १९८८ मध्ये एफ-४ आणला आणि कॅननने १९८९ मध्ये ईओएस-१. एफ-४ मध्ये २०० घटकांची एकच आडवी रांग दृश्याच्या मधोमध पाहते. ईओएस-१ मध्ये मधोमध आडवी आणि उभी अशी अधिक चिन्हासारखी रचना आहे. १९९६ च्या निकॉन एफ-५ मध्ये फोकस मोजण्याच्या ५ जागा झाल्या. ही माहिती केवळ तपशील म्हणून देत नाही. आमच्या फसलेल्या फोटोंचे कारण 'एकच आडवी रांग' या तीन शब्दांत दडलेले होते.

लाकडी बैल प्रयोगशाळेत

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे तान्हा पोळा असतो. मुले लाकडी बैल घेऊन निघतात. असाच एक पांढरा रंग दिलेला लाकडी बैल आम्ही वर्गातल्या टेबलावर ठेवला. कॅमेऱ्यात फिल्म घातली नाही, कारण फोकसची परीक्षा घ्यायला फिल्म लागतच नाही. एफ-४ च्या दर्शिकेत फोकस बसला की हिरवा ठिपका पेटतो, आणि भिंगावरच्या पट्टीवर अंतर वाचता येते. मुलांनी वहीत तक्ता आखला आणि बैलाच्या एकेका भागावर नेम धरून बटण अर्धे दाबले.

बैलाच्या पांढऱ्या कुशीवर नेम धरला, तर भिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत राहिले. एक मुलगी म्हणाली, "सर, हा तर फिरूनच राहिला!" पाठीच्या आडव्या रेषेवर धरला तरी तेच. पायांवर धरला, तर लगेच हिरवा ठिपका. शिंगांवर धरला, तरीही लगेच.

असे का व्हावे? कॅमेरा वस्तू ओळखत नाही. त्याला बैल माहीत नाही, तोरणही माहीत नाही. त्याला फक्त दोन प्रतिमांची तुलना करता येते. तुलनेसाठी प्रतिमेत काही खूण हवी, म्हणजे उजेड आणि काळोख यांची एखादी कड हवी. कोऱ्या पांढऱ्या कुशीवर खूणच नाही, मग काय सरकले हे तो कसे सांगणार?

पाठीच्या रेषेवर कड तर ठळक आहे, पण ती आडवी आहे. आडवी रेषा डावीउजवीकडे सरकवली, तरी ती होती तशीच दिसते. फळ्यावर एक लांब आडवी रेघ ओढा, मुलांना डोळे मिटायला सांगा, आणि रेघेच्या मधल्या भागावर पुठ्ठ्याची खिडकी धरून ती खिडकी थोडी सरकवा. डोळे उघडल्यावर खिडकीतून पाहून कोणालाही फरक सांगता येणार नाही. उभी रेघ मात्र सरकली की लगेच कळते. म्हणून घटकांची रांग आडवी असेल, तर तिला उभ्या कडा हव्यात.

आता पोळ्याच्या दिवशी काय घडले ते उलगडले. मी नेम धरला होता तो दोन बैलांच्या मधोमध. तेथे एका बाजूला कोरी पांढरी कूस होती आणि मधल्या फटीतून मागचे तोरण डोकावत होते. लोंबणाऱ्या पानांच्या उभ्या, गर्द कडा रांगेला सापडल्या. कॅमेऱ्याने आपले काम चोख केले होते. मीच त्याला चुकीची जागा दाखवली होती.

दुसरी चूकही निघाली. भिंगाशेजारच्या खटक्यावर एम, एस आणि सी अशा तीन खुणा असतात. 'सी'वर असताना कॅमेरा सतत फोकस शोधत राहतो आणि बटण पूर्ण दाबले, की फोकस बसलेला असो वा नसो, फोटो काढतो. 'एस'वर असताना फोकस बसल्याशिवाय शटर उघडतच नाही. मी दिवसभर 'सी'वर होतो.

जुना कॅमेरा घेताना

असा कॅमेरा घेण्याआधी पुढील गोष्टी हातात घेऊन तपासाव्यात. नुसत्या चित्रावरून व्यवहार करू नये.

१. सेलचा कप्पा. एफ-४ ला साधे पेन्सिल सेल लागतात. विसरून राहिलेला सेल पाझरला असेल, तर स्प्रिंगवर पांढरा-हिरवा थर दिसतो. थर थोडा असेल तर निघतो. आतल्या तारांपर्यंत पोचला असेल तर तो कॅमेरा सोडून द्यावा.

२. दर्शिकेतले आकडे. द्रवस्फटिकाच्या पट्टीत काळा डाग पसरलेला असतो, शाईचा ठिपका टीपकागदावर पसरावा तसा. या वयाच्या कॅमेऱ्यांत हा दोष नेहमी आढळतो. आकडे वाचता येत असतील तर काम चालते, पण डाग वाढू शकतो, हे किंमत ठरवताना लक्षात घ्यावे.

३. शटर. भिंग काढून, मागचे दार उघडून कॅमेरा उजेडाच्या खिडकीकडे धरावा आणि मंद ते जलद अशा सर्व वेगांवर शटर उडवून पाहावे. एफ-४ चा सर्वांत जलद वेग सेकंदाचा ८००० वा भाग आहे. एवढी जलद उघडझाप डोळ्यांना मोजता येत नाही, पण चौकटीचा एखादा कोपरा सतत काळा दिसत असेल तर पडदे नीट चालत नाहीत. पडद्याला बोट लावू नये. सूर्याकडे तर कधीही पाहू नये.

४. फोकस. वर्तमानपत्राचे पान भिंतीला तिरके धरून मधल्या एका ओळीवर फोकस करावा आणि अंतराची पट्टी वाचावी. मग नेम दूर नेऊन परत त्याच ओळीवर आणावा. दहा वेळा केले, तर दहाही वेळा पट्टी जवळपास तेथेच यायला हवी.

५. भिंगातली बुरशी. आपल्या पावसाळ्यात हा सर्वांत मोठा शत्रू. भिंगातून विजेरीचा झोत आरपार टाकला की कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. बुरशीतून झिरपणारी आम्ले काचेवरचा लेप खातात आणि ते नुकसान भरून येत नाही. चांगले भिंग हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावे.

६. फिल्मची चाल. एखादा वाया गेलेला रोल सोबत न्यावा, तो घालून शेवटपर्यंत चालवावा आणि परत गुंडाळून पाहावा.

या कॅमेऱ्यांचे सुटे भाग आता कंपनीकडून मिळण्याची आशा धरू नये. आज चालतो आहे तोच आपला कॅमेरा, असे समजून पैसे मोजावेत. भिंगांचाही विचार आधीच करावा. निकॉनने १९५९ पासून भिंग बसवण्याचे कडे मूळ रूपात टिकवले आहे, त्यामुळे एफ-४ वर जुनी बहुतेक भिंगे बसतात. अगदी अलीकडच्या काही भिंगांवर छिद्राचे कडे नसते, ती मात्र पूर्णपणे चालत नाहीत. कॅननने १९८७ मध्ये कडे बदलले, म्हणून त्याआधीची कॅनन भिंगे ईओएस-१ वर थेट बसत नाहीत.

फिल्मचा खर्चही आधी मांडावा. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याची 'इंदू' फिल्म एके काळी सर्वत्र मिळायची. तो कारखाना बंद झाला. आता रोल परदेशी आणि महाग. रोलची किंमत, धुलाई आणि छपाई यांची बेरीज करून ३६ ने भागा, म्हणजे एका फोटोचा खरा भाव कळेल. एफ-४ चार सेलवर सेकंदाला ४ फोटो काढू शकतो. बोट बटणावरून उचलले नाही, तर ३६ फोटोंचा रोल ९ सेकंदांत संपतो! आणि आपल्या भागातल्या मे महिन्याच्या उन्हात रोल गाडीच्या डिकीत विसरू नये. उष्णतेने फिल्म खराब होते. फ्रिजमधला रोल मात्र लगेच उघडू नये. बाहेरच्या हवेएवढा गरम होऊ द्यावा, नाहीतर त्यावर दव धरते.

हाताने फोकस

कॅमेरा अडलाच तर खटका 'एम'वर न्यावा आणि भिंगाचे कडे हाताने फिरवावे. यात कमीपणा नाही. देवळीहून सेवाग्राम फार दूर नाही. तेथे कनू गांधी यांनी १९३८ पासून पुढे १० वर्षे गांधीजींची छायाचित्रे काढली. त्यासाठी घनश्यामदास बिर्लांनी त्यांना १०० रुपये दिले होते. गांधीजींच्या अटी तीन होत्या : फ्लॅश वापरायचा नाही, समोर उभे राहायला सांगायचे नाही, आणि आश्रम खर्च करणार नाही. कनूभाईंचा रोलायफ्लेक्स कॅमेरा दोन भिंगांचा होता. वरच्या भिंगातून पाहायचे आणि खालच्या भिंगातून फोटो टिपायचा. एका रोलवर १२ फोटो. चालणारा माणूस, झोपडीतला अपुरा उजेड, आणि फोकस सगळा हाताने. नेमकी कोणती कड स्पष्ट हवी, हे त्यांना दर वेळी स्वतःच ठरवावे लागत होते. ऑटोफोकस आला तरी हा निर्णय छायाचित्रकाराकडेच राहिला आहे. यंत्र फक्त कडे फिरवण्याचे काम करते.

पुन्हा गोठ्यापुढे

दिवाळीनंतर एका सकाळी आम्ही आजोबांच्या गोठ्यापुढे गेलो. कॅमेरा या वेळी त्यांच्या नातवाच्या हातात होता. त्याने खटका 'एस'वर ठेवला. छिद्र एफ/१.८ वरून एफ/८ वर आणले. याचे गणित वर्गात आधीच झाले होते. ५० मिलिमीटरच्या भिंगाने ३ मीटरवर फोकस केला, तर एफ/१.८ ला सुमारे ४० सेंटिमीटरचाच पट्टा स्पष्ट येतो, एफ/८ ला तो जवळजवळ १.९ मीटर होतो. म्हणजे नाकापासून शेपटापर्यंत जवळपास सबंध बैल.

मग त्याने जवळच्या बैलाच्या शिंगाच्या कडेवर नेम धरला आणि बटण अर्धे दाबले. हिरवा ठिपका पेटला. बोट तसेच ठेवून त्याने कॅमेरा थोडा वळवला. दोन्ही बैल आणि मध्ये उभे आजोबा चौकटीत आले, तेव्हा बटण पूर्ण दाबले. असे ८ फोटो काढले आणि तो थांबला. मी म्हटले, "रोल शिल्लक आहे की." तो म्हणाला, "झाले ना सर."

आठही फोटोंत बैलांचे डोळे स्पष्ट आले. पुढच्या आठवड्यात जोडी गेली. त्यांपैकी एक फोटो मोठा करून आता त्यांच्या ओसरीत लावला आहे.

आपल्या शाळेत असा कॅमेरा नसला तरी दोन छिद्रांचा प्रयोग जरूर करून पाहा. त्यानंतर मुलांना विचारा : आपल्या वर्गातल्या कोणत्या वस्तूंवर आडव्या रांगेचा कॅमेरा अडेल? पुसलेला फळा, खिडकीचे उभे गज, वहीच्या आडव्या रेघा, चौकटीचा सदरा? आणि ज्या वस्तूवर तो अडतो, त्यावर फोकस बसवायचा तर कॅमेरा कसा धरावा? उत्तर सांगून टाकू नका. कोणीतरी कॅमेरा उभा धरून पाहील, याची वाट पाहा.